झिजलेलं जातं कुठे?

गेल्या दिवाळीत मामांच्या टाटा ४०७चा क्लच गेला. खंबाटकीच्या चढाला इंजिनाचा आवाज वाढायचा, गाडी मात्र वेग घ्यायची नाही. मामा म्हणाले, "गॅरेजला कशाला? अंगणातच उतरवू की गिअरबॉक्स. तू इंजिनेर हाईस न्हवं?" माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे पाने हातात देण्याचं काम माझ्याकडे आलं.

चाकांना दगड लावले. प्रॉपेलर शाफ्ट सोडला, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे सरकवला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत ढिले केले आणि क्लच प्लेट हातात आली. लायनिंग पार रिव्हेटांपर्यंत झिजलं होतं. हाउसिंगमध्ये करड्या धुळीचा थर होता. मामा वाकले आणि फुंकर मारायला त्यांनी गाल फुगवले.

"मामा, थांबा!" मी जवळजवळ ओरडलोच.

का ओरडलो, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

वाफेच्या इंजिनाला क्लच लागत नाही. चाक थांबलेलं असतानाही वाफ पिस्टनला ढकलू शकते, म्हणून आगगाडी जागेवरून थेट ओढ घेते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला हे जमत नाही. ते फिरत असेल तरच ताकद देतं, थांबवलं की बंद पडतं. म्हणून फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यात काहीतरी असं हवं, जे आधी घसरेल आणि मग घट्ट धरेल. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला निघाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४मध्ये तिने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, म्हणजे क्लच नसलेल्या यंत्राकडून क्लचवाल्या यंत्राकडे आली. करार १९६९ला संपला, ट्रकवरचा मर्सिडीजचा तारा गेला. १९८६मध्ये त्याच कंपनीने ४०७ बाजारात आणली.

बेंझच्या १८८६च्या पहिल्या मोटारीत आजच्यासारखा क्लच नव्हता, पट्टा होता. गावाकडच्या जुन्या पिठाच्या गिरणीत पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवतात, तसंच. १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता ती मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. घासणारा भाग झिजणार आणि तो वाटेत, हाताशी असेल त्या माणसाकडून बदलून घ्यावा लागणार, हे मोटारीइतकंच जुनं आहे.

सुरुवातीच्या मोटारींत शंकूच्या आकाराचे क्लच होते आणि त्यांनाही चामड्याचंच अस्तर असे. चामडं तापलं की जळायचं, कोरडं पडलं की गाडी झटका द्यायची. इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७च्या सुमारास ब्रेकच्या ठोकळ्यांवर प्रयोग सुरू केले. त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात पत्नीच्या नावातलं एक अक्षर घालून 'फेरोडो' हे नाव झालं. १९०८च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. हे तंतुमय खनिज जळत नाही, स्वस्त आहे आणि विणता येतं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या क्लच आणि ब्रेकमध्ये तेच राहिलं.

ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, हे कळायला मात्र फार वेळ लागला नाही. ब्रिटनने १९३१ सालीच कारखान्यांसाठी नियम केले. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपा, असंही बजावलं. पण नोंद ठेवायला आधी हजेरीपट असावा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोराचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं?

इंजिनिअरिंगला आम्ही क्लचची गणितं केली होती. एक गृहीतक 'समान दाबा'चं, दुसरं 'समान झिजे'चं. त्या झिजेचं सूत्र मला अजून पाठ आहे. झिजलेलं जातं कुठे, हा प्रश्न ना कुणी पेपरात विचारला, ना माझ्या डोक्यात आला. अंगणात मामांचे फुगलेले गाल पाहिले तेव्हा आला.

खरं सांगायचं तर घर्षणाच्या उष्णतेने यातले बरेचसे तंतू मोडतात, आणि गॅरेजातला धोका कारखान्याइतका नसतो. पण सगळेच मोडत नाहीत. त्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस होतं की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून आहे असंच धरायचं. फुंकायचं नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कोरडं झाडायचं नाही. धूळ पाण्याने भिजवायची, ओल्या फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

मामा हसले. "चाळीस वर्सं फुकतोय, काय झालं न्हाई." मग खोकले. त्यांचा खोकला जुना आहे. तो बिडीचा, डिझेलच्या धुराचा, खडीच्या धुळीचा की क्लचचा, हे मी ठरवू शकत नाही. पण बादली आणि जुनं धोतर मात्र त्यांनीच आणून दिलं.

मग नवी प्लेट बसवली. ती मध्यावर आणायला मामांनी जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट जपून ठेवला होता. रिलीज बेअरिंगही बदललं. गिअरबॉक्स परत चढवायला दोन तास आणि शेजारचे दोघे लागले. संध्याकाळी मामांनी हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागीच बंद पडलं. म्हणजे क्लच धरतोय.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गावातल्या मिस्त्रीकडे ब्रेक शू बदलायला गेले होते. तिथला पोरगा ड्रम फुंकायला वाकला, तेव्हा मामा त्याला म्हणाले, "थांब, आदी पाणी आन."