प्रश्नोत्तराचा तास आणि भाषेचा रकाना : इंदूरकडून सीमाभागाने काय घ्यावे

सीमाप्रश्नाची चर्चा चाललेली असता इंदूरचे नाव निघाले की वाचकांना थोडे नवल वाटते. इंदूर कोणत्याही सीमावादात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत ते शहर नव्हते आणि तेथील मराठी माणसाने तशी मागणी केलीही नाही. तरीसुद्धा परराज्यातील मराठी भाषकाला शासनव्यवहारात काय स्थान उरते, हे पाहायचे असेल तर इंदूरचा इतिहास बेळगाव-खानापूरच्या वाचकाने एकदा तरी नीट वाचला पाहिजे. आपल्याकडे आंदोलनाच्या गलबल्यात जी गोष्ट दृष्टीआड होते, ती तेथे शांतपणे दिसते. राज्यकर्त्यांना आकडे विचारणे आणि ते आकडे कोणत्या रकान्यांत मांडले जातात याकडे लक्ष ठेवणे, ही ती गोष्ट होय.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली. दरबार मराठी, सरदार-मानकरी मराठी, आणि त्यांच्यामागून आलेला कारकून, शिक्षक, वैद्य, पुरोहित असा मोठा वर्गही मराठी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरले : १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली. हिंदी साहित्य संमेलनही १९१८ व १९३५ साली इंदुरातच झाले आणि दोन्ही वेळा महात्मा गांधी अध्यक्ष होते. दोन भाषांनी एका शहरात सुखाने नांदल्याची ही खूण आहे. संविधान सभेत मध्य भारताचे एक प्रतिनिधी म्हणून बसलेले विनायक सीताराम सरवटे हे इंदूरचेच. ‘मराठी साहित्य समालोचन’ या ग्रंथाचे ते लेखक. इंदूरच्या ज्या बसस्थानकावर आजही हजारो प्रवासी उतरतात, त्याला त्यांचेच नाव आहे.

संस्कृतीच्या दृष्टीने पाहता इंदूरच्या मराठीला काही उणे नव्हते. उणे राहिले ते शासनाच्या दप्तरात. ते कसे राहिले, हे समजण्यासाठी प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा इतिहास थोडा मागून पाहावा लागेल.

हिंदुस्थानातील कायदेमंडळांच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क प्रथम १८९२ च्या कायद्याने मिळाला. उत्तर मिळे, पण त्यावर उपप्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो अधिकार सभागृहातील कोणत्याही सभासदास मिळाला. हे सारे ब्रिटिश मुलखापुरते होते. होळकरांच्या राज्यास हे कायदे लागू नव्हते.

या मर्यादित हक्काचा उपयोग कसा करावा, हे मराठी समाजाला गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिले. १९०४ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कर्झन यांनी वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांतील हिंदी लोकांचे आकडे मोठ्या अभिमानाने मांडले. दरमहा हजार रुपयांहून अधिक वेतनाच्या जागा १८६७ मध्ये ६४८ होत्या, त्यांपैकी १२ हिंदी लोकांकडे होत्या. १९०३ मध्ये अशा जागा १,३७० झाल्या आणि त्यांतील ९२ हिंदी लोकांना मिळाल्या होत्या. बारांचे ब्याण्णव झाले, यात सरकारचे औदार्य दिसते, असा एकंदर सूर होता. हेच आकडे शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी केली की चित्र पालटते. छत्तीस वर्षांत वाढलेल्या जागा ७२२. त्यांपैकी हिंदी लोकांच्या वाट्याला आल्या ८०. म्हणजे प्रत्येक नव्या नऊ जागांपैकी आठ बाहेरच्यांना मिळाल्या. गोखले यांनी १९०५ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात कर्झन यांच्या या दाव्याची चिकित्सा केली. सरकारी आकडा नाकारण्याऐवजी तोच आकडा हाती घेऊन सरकारला उत्तर द्यायचे, ही त्यांची रीत होती.

दुसरे नाव सर नारायण गणेश चंदावरकर यांचे. उत्तर कानडा जिल्ह्यातील होनावर हे त्यांचे जन्मगाव. ते आज कर्नाटकात आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडल्यावर ते इंदूर संस्थानचे मुख्य प्रधान झाले आणि १९२१ मध्ये नव्या मुंबई कायदेमंडळाचे अध्यक्ष. ज्या राज्यात कारभाऱ्याला सभागृहापुढे उत्तर देण्याचे बंधन नव्हते तेथील कारभार त्यांनी पाहिला, आणि जेथे मंत्र्यांना सभासदांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागे त्या सभागृहाचे नियमनही त्यांनीच केले. कारण १९१९ च्या कायद्याने शिक्षणासारखी खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली होती. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री उभा राहण्याचा आपल्याकडील आरंभ तेथून होतो.

तिसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. इंदुरापासून जवळच असलेल्या महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी सरकारचे अहवाल सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, हे त्यांनी दाखविले. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागासवर्ग प्राथमिक शिक्षणात सर्वांच्या शेवटी आहे, हेही त्यांनी सरकारी वर्गवारीवरूनच सिद्ध केले.

गोखले आणि आंबेडकर यांच्या या दोन उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कर्झन यांच्या तक्त्यात युरोपियन, युरेशियन व हिंदी असे वेगळे रकाने होते, म्हणून गोखले यांना उत्तर देता आले. शिक्षण खात्याच्या अहवालात समाजवार वर्गवारी होती, म्हणून आंबेडकरांना ती विषमता उघड करता आली. रकानाच नसता तर अन्याय तेवढाच राहिला असता. पण तो सभागृहात सिद्ध करण्याचे साधन हाती आले नसते.

आता पुन्हा इंदुराकडे वळू. १९४८ मध्ये होळकर, शिंदे आदींची संस्थाने एकत्र येऊन मध्य भारत संघ झाला. ग्वाल्हेर ही त्याची हिवाळी व इंदूर उन्हाळी राजधानी. दोन्ही शहरे मराठी राजघराण्यांची असूनही राज्याची भाषा हिंदी झाली. शेजारच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात परिस्थिती वेगळी होती. तेथे १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग मध्य भारताशी जोडला गेला आणि नव्या मध्य प्रदेशात मराठीचे राजभाषेचे स्थान संपले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपुरास, महालेखापालांचे कार्यालय ग्वाल्हेरला. इंदुराच्या वाट्याला राज्याचा लोकसेवा आयोग आला. आजही त्याचे कार्यालय रेसिडेन्सी भागात आहे. जेथून पूर्वी इंग्रजांचा प्रतिनिधी मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख करी, तोच हा भाग.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२३ प्रमाणे राज्याच्या लोकसेवा आयोगाने दरवर्षी आपला अहवाल राज्यपालांना द्यावा आणि तो विधानमंडळापुढे ठेवला जावा, असे बंधन आहे. म्हणजे इंदुरात तयार होणारा दस्तऐवज भोपाळच्या सभागृहात पोहोचतो आणि त्यावर आमदारांना प्रश्न विचारता येतात. राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांना किती जागा मिळाल्या, हे विचारता येते, कारण आरक्षणामुळे ती नोंद ठेवावीच लागते. मराठी मातृभाषा असलेले किती, हे विचारले तर उत्तराला आधारच नसतो. तसा रकाना ठेवण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नाही.

याची मुळे घटनेतच सापडतात. सरकारी नोकरीत भेदभाव नसावा असे सांगणाऱ्या अनुच्छेद १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांचा उल्लेख आहे, भाषेचा नाही. शैक्षणिक संस्थांतील प्रवेशाविषयीच्या अनुच्छेद २९(२) मध्ये मात्र भाषा आहे. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०अ व ३५०ब आले. पहिल्याने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. त्या अधिकाऱ्याचे, म्हणजे आयुक्तांचे, अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. या अहवालांत राज्यांना भाषावार भरतीविषयी विचारलेले असते आणि अशी माहिती स्वतंत्रपणे ठेवली जात नाही, हे उत्तर त्यांत वारंवार भेटते.

टक्केवारीचा खेळही समजून घेतला पाहिजे. १९५६ चे केंद्राचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून पंधरा टक्क्यांची मर्यादा रूढ झाली. तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत एखाद्या भाषेचे पंधरा टक्के लोक असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत निघाव्यात. परीक्षेच्या माध्यमासाठी मात्र संपूर्ण राज्याची लोकसंख्या धरली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी भाषक सुमारे बारा लाख, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. कर्नाटकात ते चार टक्क्यांच्या आत. त्यामुळे परीक्षेपुरता बेळगावचा आणि इंदूरचा मराठी उमेदवार एकाच स्थितीत आहे. फरक तालुका पातळीवर पडतो. इंदूर जिल्ह्यात मराठी पंधरा टक्क्यांच्या बरीच खाली आहे, तर आपल्या सीमाभागातील अनेक तालुके त्या रेषेच्या वर आहेत. जो हक्क इंदूरकरांना मागताच येत नाही तो आपल्याला आजच मिळालेला आहे. त्याची अंमलबजावणी होते की नाही, हे आपण मोजत नाही.

मोजायचे कसे? चिपळुणात जन्मलेल्या सुमित्रा महाजन इंदुरातून १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. ज्या आसनावरून प्रश्नोत्तराचा तास चालविला जातो, त्यावर पाच वर्षे इंदूरची मराठी व्यक्ती बसली होती. अध्यक्ष स्वतः प्रश्न विचारत नाहीत. प्रश्न सभासदांनीच द्यायचे असतात. लोकसभेत एका दिवसासाठी वीस तारांकित व दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्यासाठी किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते. तारांकित प्रश्नावर तोंडी उत्तर व उपप्रश्न, अतारांकितावर लेखी उत्तर. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे मंत्र्यांनी म्हटले तर ते आश्वासन ठरते आणि तीन महिन्यांत ते पुरे करावे लागते. त्याचा पाठपुरावा करण्यासाठी स्वतंत्र समिती असते. ही सारी यंत्रणा तयार आहे. तिच्यात योग्य प्रश्न घालणारा कोणी हवा.

आणि येथेच सीमाभागाचे दुखणे आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार कर्नाटक विधानसभेत असताना मराठीची बाजू निदान नोंदली जात होती. अनुच्छेद २१० प्रमाणे, सभागृहाच्या भाषांत नीट व्यक्त होता येत नसेल तर अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलण्याचीही सोय आहे. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. बेळगावात २०१२ पासून सुवर्ण विधानसौध उभे आहे, तेथे अधिवेशने भरतात, आपल्या डोळ्यांदेखत प्रश्नोत्तराचा तास चालतो. त्यात आपला प्रश्न नसतो. जागा गमावल्याचे दुःख आपण मतांच्या हिशेबात करतो. प्रश्न विचारण्याचा हक्क गमावला, हा तोटा त्याहून मोठा आहे.

तो भरून निघण्यासारखा आहे. कोणत्याही पक्षाच्या आमदाराला, महाराष्ट्रातील कोणत्याही खासदाराला, मोजके आणि नेमके प्रश्न लिहून देता येतात. पंधरा टक्क्यांवरील तालुके कोणते, याची यादी शासनाकडे आहे काय? गेल्या पाच वर्षांत त्या तालुक्यांत मराठीतून किती सूचना निघाल्या? मराठी शाळांतील शिक्षकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? आणि सर्वांत महत्त्वाचे : सरकारी भरतीच्या अर्जात मातृभाषेचा रकाना आहे काय, नसेल तर तो केव्हा घातला जाईल? हेच प्रश्न जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषकांविषयी महाराष्ट्र शासनालाही विचारले जावेत. आपली मागणी न्यायाची आहे हे त्यातूनच दिसेल.

२००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आपल्या गतीने चालेल. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आपण अजून २०११ च्या आकड्यांवर बोलतो. पुढील जनगणनेत मातृभाषेच्या प्रश्नापुढे प्रत्येक मराठी घराने मराठीच लिहविले पाहिजे, कारण पंधरा टक्क्यांची रेषा त्याच नोंदीवर ओढली जाणार आहे. इंदूरच्या मराठी माणसाने वाङ्मय, संगीत, शिक्षण सारे जपले. त्याच्या मोजणीचा रकाना मात्र कोणी मागितला नाही. आपल्याकडे मोर्चाला माणसे जमतात. त्यांतल्या चार-पाच जणांनी यंदाच्या अधिवेशनापूर्वी बसून प्रश्नांचा मसुदा केला आणि तो लोकप्रतिनिधीच्या हाती दिला, तर त्या रकान्याची मागणी बेळगावातून सुरू होईल.