‘मार्बरी खटला’ : एक तळटीप

मूळ लेखकाने हा खटला एका ओळीत आटोपला आहे. पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट शब्दांत कुठेच दिलेला नाही. तो या निकालाने रुजला.

मावळते राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी १८०१ मध्ये विल्यम मार्बरी यांना राजधानीच्या जिल्ह्यात ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमले. नेमणूकपत्रावर सही-शिक्का झाला, पण ते पोचते करायचे राहून गेले. ती जबाबदारी होती परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांची. नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी पत्र अडवून धरले, मार्बरी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तिथे सरन्यायाधीश होते हेच मार्शल! आजचे संकेत पाहता त्यांनी या खटल्यातून दूर व्हायला हवे होते.

२४ फेब्रुवारी १८०३ रोजी निकाल लागला. मार्बरींचा हक्क खरा. पण ज्या १७८९ च्या कायद्याच्या कलम १३ च्या आधारे ते थेट सर्वोच्च न्यायालयात आले, ते कलमच राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाशी विसंगत, म्हणून रद्दबातल. जेफरसन यांना धुडकावता येईल असा आदेशच न्यायालयाने दिला नाही, यात मार्शल यांची खरी दूरदृष्टी दिसते.

मार्बरींना पद मिळाले नाही.

कायदा रद्द करण्याचा हाच अधिकार १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामगिरीच्या बाजूने वापरला गेला, ही त्या न्यायालयाची सर्वांत लाजिरवाणी नोंद. भारताच्या घटनाकारांनी मात्र मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरतील, हे अनुच्छेद १३ मध्ये स्पष्टपणे लिहून ठेवले.