विष्ठेतील रक्ताचा माग

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीपासून सुरू होतो. त्याचा कर्करोग व्हायला बऱ्याचदा दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. माणसाला त्या काळात काही जाणवत नाही. मात्र मोठा पॉलिप किंवा कोवळा कर्करोग अधूनमधून डोळ्यांना न दिसण्याइतके रक्त सोडतो. ते शौचाच्या नमुन्यात शोधायचे, या साध्या कल्पनेतून हे क्षेत्र उभे राहिले. नाक मुरडत इथे येणाऱ्या विद्यार्थ्यांचेही मी मनापासून स्वागत करतो. लक्षणे नसलेल्या माणसांचे प्राण वाचवण्याचा इतका भक्कम पुरावा फार थोड्या तपासण्यांपाशी आहे.

आरंभी हाताशी होती ग्वायकम झाडाची राळ. 1967 साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी ही राळ मुरवलेल्या कागदाच्या तपासणीचे अनुभव प्रसिद्ध केले. रुग्णाने घरीच नमुन्याचा पातळ थर कार्डावर लावायचा. नंतर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, की रक्त असल्यास मिनिटभरात निळा रंग उमटतो. मिनेसोटात 46,551 जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1993 मध्ये आले: दरवर्षी तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी घटले.

राळेला माणसाचे रक्त आणि ताटातले मटण यांतला फरक मात्र कळत नाही. आज सर्रास वापरली जाणारी फिट तपासणी प्रतिपिंडांच्या मदतीने मानवी हिमोग्लोबिनच पकडते, त्यामुळे पथ्य लागत नाही. टोकाला खाचा असलेली काडी शौचाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवायची, द्रावणाच्या बाटलीत घालून झाकण लावायचे, झाले. यंत्र रक्ताचे प्रमाण आकड्यात सांगते. पुढचा खरा प्रश्न असा, की किती रक्ताला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचे? नेदरलँड्सने 2014 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा ही मर्यादा ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम होती. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक पॉझिटिव्ह आले, कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून तपासण्याच्या, रांगा वाढल्या आणि त्याच वर्षी मर्यादा 47 वर न्यावी लागली. हा निर्णय मला या क्षेत्रातला सर्वांत मोठा धडा वाटतो. मर्यादा ठरवताना जीवशास्त्राइतकाच देशात एंडोस्कोपी करणारे हात किती, याचाही हिशेब करावा लागतो.

त्याच वर्षी अमेरिकेत डीएनए आणि रक्त एकत्र तपासणाऱ्या चाचणीला मान्यता मिळाली. तिने 92 टक्के कर्करोग पकडले, फिटने 74. पण निरोगी माणसांना नाहक पॉझिटिव्ह ठरवण्याचे प्रमाणही तिच्यात जास्त होते. अशा आकड्यांनी हरखून जाऊ नका. एखाद्या वेळी फिटला चुकलेला पॉलिप पुढच्या फेरीत सापडू शकतो, म्हणून लोक पुन्हा पुन्हा तपासणी करतात का, हे मी आधी पाहतो. स्पेनमधील अभ्यासात पहिल्या फेरीत फिटसाठी 34 टक्के लोक पुढे आले, थेट कोलोनोस्कोपीसाठी 25 टक्केही नाहीत.

एक विनंती, विद्यार्थ्यांना आणि वाचकांनाही. फिट पॉझिटिव्ह आली तर ‘पुन्हा एकदा करून पाहू’ म्हणू नका. कोलोनोस्कोपी करून घ्या. आणि शौचावाटे उघड रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून घरगुती औषधांवर महिने काढू नका, चाळणी तपासणीचीही वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.