वायपू: तीनदा वसलेलं गाव

न्यूझीलंडला गेलात, तर ऑकलंडहून उत्तरेला फांगारेच्या वाटेवर वायपू नावाचं छोटंसं गाव लागतं. ब्रीम बेचा किनारा जवळच. गावात स्कॉटलंडचा सिंह मिरवणारा स्तंभ आहे, संग्रहालय आहे आणि १ जानेवारीला हायलँड गेम्स भरतात. बॅगपाइप, किल्ट, सगळं साग्रसंगीत! पाटीवरचं नाव मात्र माओरी. 'वाय' म्हणजे पाणी.

हे लोक इथे आले कसे? तुम्ही म्हणाल, जमीनदारांनी हुसकावलं असणार. हायलँड्समध्ये मेंढ्यांसाठी कुळांना उठवलं गेलं, हे खरंच आहे. पण वायपूची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. त्यांचा पुढारी नॉर्मन मॅक्लाउड हा असिंटचा. तिथल्या प्रस्थापित चर्चशी त्याचं बिनसलं आणि १८१७ मध्ये तो नोव्हा स्कॉशियातल्या पिक्टूला गेला. १८२० मध्ये अनुयायांसह केप ब्रेटन बेटावर सेंट अ‍ॅन्सला मुक्काम हलवला. तिथे तीस वर्षं त्याचाच शब्द चालला. प्रवचन गेलिकमध्ये आणि शिस्त कडक.

१८४० च्या दशकाच्या शेवटी बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली. त्यातच ऑस्ट्रेलियात गेलेल्या मुलाचं पत्र आलं. सत्तरी गाठलेला हा माणूस १८५१ मध्ये 'मार्गारेट' जहाजातून पुन्हा निघाला. जहाजही त्यांनी स्वतःच बांधलेलं! पण ऑस्ट्रेलियात सोन्याची धांदल चालू होती. मेलबर्नमध्ये टायफॉइडने मॅक्लाउडची मुलं नेली. शिवाय सगळ्या भावकीला शेजारी-शेजारी जमीन मिळेना. ती मिळाली १८५४ च्या सुमारास, वायपूला. १८६० पर्यंत सहा जहाजांतून आठशेहून जास्त माणसं आली.

आता 'मिळाली' या शब्दापाशी जरा थांबा. मिळाली कुणाकडून? १८४० च्या वायतांगी कराराने माओरींची जमीन विकत घेण्याचा पहिला हक्क ब्रिटिश सरकारने स्वतःकडे ठेवला होता. सरकार माओरींकडून स्वस्तात घेणार आणि वसाहतवाल्यांना देणार, अशी ही रीत. म्हणजे ज्यांच्या मुलखात कुळं उठवली जात होती, तेच लोक दुसऱ्यांच्या हातून सुटलेल्या जमिनीवर वसले. त्यांनी कुणाला हाताला धरून बाहेर काढलं नाही. सरकारी कागदाने ते काम आधीच केलं होतं.

स्थलांतराच्या अभ्यासात ही गाठ वारंवार लागते. सोसलेला माणूस आणि लाभ झालेला माणूस एकच असू शकतो. एक बाजू खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. म्हणून वायपूला जाल तेव्हा संग्रहालयात जहाजांची गोष्ट जरूर पाहा, त्या माणसांची जिद्द थक्क करणारीच आहे. फक्त प्रत्येक दालनात एक साधा प्रश्न सोबत ठेवा: जहाज किनाऱ्याला लागलं, तेव्हा किनारा कुणाचा होता?