परभणीकर समुद्रात कधी उतरले?

"सुट्टीत तारकर्लीला गेलो, पोरांनी स्कूबा केलं, आम्ही पॅरासेलिंग केलं" असं परभणीत कुणी सांगितलं तर आता कुणाला नवल वाटत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र इथेच विचारायला हवं: हे कधीपासून, आणि कशामुळे?

'लोकांकडे पैसा आला' हे सगळ्यात सोपं उत्तर, पण ते पुरत नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि त्या संस्थानाला समुद्रकिनाराच नव्हता. इथलं पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना. पाण्यासाठी प्रवास म्हणजे गंगाखेडला गोदास्नान. परभणी आणि मालवण एका राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, द्वैभाषिक मुंबई राज्यात. पुढे १९७५ मध्ये राज्याचं पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. शिवाय राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 'महाराष्ट्र दर्शन' रजा प्रवास सवलत मिळते. म्हणजे पगार आणि भरपगारी रजा असलेल्या घरासाठी जी वाट मोकळी झाली, ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरासाठीही झाली का, हा वेगळा प्रश्न आहे. तो गृहीत धरायचा नाही, तपासायचा.

आता साधनांकडे येऊ. बरेच जण शासन निर्णय डाउनलोड करतात आणि प्रकरण लिहून मोकळे होतात. इथे सावध राहा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. त्यात आयोजकांची नोंदणी आहे, सुरक्षेचे नियम आहेत. तरी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. शासन निर्णय सरकारला काय व्हावंसं वाटत होतं ते सांगतो. प्रत्यक्षात काय झालं, ते सांगेलच असं नाही.

म्हणून त्याच्या जोडीला मौखिक इतिहास हवा. मुलाखतीत "मजा आली का?" हे विचारून हाती काही लागत नाही. पैसे कुणी भरले? लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळालं का? पाण्यात कोण उतरलं आणि पिशव्या सांभाळत किनाऱ्यावर कोण बसलं? जायचं की नाही हे घरात कुणी ठरवलं? फोटोत हसणारे चेहरे दिसतात, पण फोटो काढणारी बाई दिसत नाही. तिलाही शोधा.

शेवटी सिनॉप्सिसबद्दल. 'मराठवाड्यातील पर्यटनाचा इतिहास' हा विषय एका पीएच.डी.त मावणार नाही. 'परभणीतील शिक्षक कुटुंबांचा कोकण प्रवास, १९९७ ते २०२२' हा मावेल. यात ठिकाण, माणसं, काळ, तिन्ही ठरलेले आहेत. मुलाखतींची सुरुवात आपल्याच गल्लीतून करता येईल.