उपग्रह मोजणी : उंचीचा घोळ

उपग्रहाधारित जमीन मोजणीचे निम्मे काम संगणकावर होते. ज्ञात बिंदूवरील स्थिर यंत्र आणि फिरते यंत्र यांनी एकाच वेळी टिपलेल्या संदेशांची सॉफ्टवेअर तुलना करते. समान त्रुटी वजा होऊन सेंटीमीटरपर्यंत अचूकता मिळते. मात्र स्थिर यंत्राच्या अँटेनाची उंची चुकीची भरल्यास सॉफ्टवेअर ती निमूट स्वीकारते.

खरा घोळ पुढेच आहे. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर 'डब्ल्यूजीएस-८४' या गणिती लंबगोलापासून मोजली जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती उणे ६० मीटरच्याही खाली भरते! असे आकडे जुन्या बेंचमार्कच्या उंचीत मिसळले, तर कालव्याचा उतारच बिघडतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीचे प्रारूप, म्हणजे 'जिऑईड', निवडून किमान एका बेंचमार्कवर पडताळा घ्यावा लागतो.