पोहे आणि कांडण



फाटकापुढच्या सभांत बोलण्याची सवय असलेल्या माणसाला इतिहासावर बोलावयास सांगितले म्हणजे तो जरा दबकतो. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास अधिकारी मंडळींकडे सोपवून मी एका न्याहारीचा सांगणार आहे.

त्याला निमित्त माझ्या मुलीचे. मागच्या दिवाळीत तिने घरी कोरियातला एक पदार्थ केला. नाव त्तोकबोक्की. तांदळाच्या पिठाची घट्ट उकड काढायची, ती पुष्कळ मळायची, करंगळीएवढ्या कांड्या वळून वाफवायच्या, आणि मग तिळाच्या तेलावर कांदा, गाजर, अळंबी यांच्याबरोबर परतून वर सोया सॉस आणि चिमूटभर साखर. मिरची नाही. माझी आई ऐंशीच्या पुढची, तिला तिखट सोसत नाही, म्हणून मुलीने हा जुना बिनतिखट प्रकार निवडला होता. आईने एक कांडी चावून पाहिली आणि विचारले, "तांदुळाचं व्हय ना हे? मंग कांडलं कोनं?"

हा प्रश्न मला काही सोडीना.

कोरियात वाफवलेला तांदूळ उखळात घालून लाकडी मोगऱ्यांनी कुटून या कांड्या करीत. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या एका पाकपुस्तकात हा पदार्थ आहे: मांस, तिळाचे तेल, सोया सॉस, पातीचा कांदा. राजवाड्यातला म्हणूनच तो ओळखला जातो. आज जगभर पसरलेला लालभडक प्रकार पुष्कळ अलीकडचा. १९५३ साली कोरियन युद्ध थांबले, त्या सुमारास सेऊल शहराच्या सिंदांग-दोंग वस्तीत मा बोक-रिम या विक्रेत्या बाईने तो प्रथम केला, असे सांगतात. पुढे तांदळाऐवजी गव्हाच्या पिठाच्याही कांड्या त्यात पडू लागल्या. म्हणजे सौम्य तो वाड्यातला, आणि तिखट तो युद्धाने पोळलेल्या रस्त्यावरचा.

आपल्या नागपुरातही अशी जोडी आहेच. घरात फोडणीचे पिवळे पोहे, रस्त्यावर त्यांच्यावर हरभऱ्याची लाल तर्री. या तर्रीचा आपल्याला मोठा अभिमान; झणझणीतपणा जणू वैदर्भीय रक्तातच आहे असे आपण बोलतो. पण मिरची हिंदुस्थानात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. शेंगदाणा आणि बटाटा हेही मूळचे अमेरिका खंडातले. सुदाम्याने द्वारकेला नेलेल्या पोह्यांत यांतले काहीच नव्हते. भिवापूरची मिरची कितीही नामांकित असो, पोह्यांच्या मानाने ती कालची पोर!

सुदाम्याची गोष्ट आपण मैत्रीची म्हणून सांगतो. भागवतात त्यात एक तपशील आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. ते चार मुठी पोहे सुदाम्याच्या बायकोने शेजाऱ्यांकडून मागून आणले होते. कृष्णाने मूठ तोंडात टाकली, रुक्मिणीने हात धरला, सुदाम्याच्या झोपडीचा वाडा झाला. कांडणारे हात मात्र कथेत कोठेच येत नाहीत.

हे काम काय असे, ते थोडे सांगतो. धान भिजत घालायचे, निथळून तापल्या वाळूत भाजायचे आणि गरम असतानाच उखळात मुसळाने चेपायचे. निवले की त्याचा चुरा होतो. म्हणून एकीने भाजायचे, दुसरीने कांडायचे, तिसरीने सुपात पाखडायचे. एकीचा हात थांबला की तिघींची मेहनत वाया. माझी आजी भंडारा जिल्ह्यातली. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांखालचा तो धानाचा मुलूख. आजी मालगुजाराच्या वाड्यावर कांडायला जाई. मजुरी म्हणजे कणी, कोंडा आणि पोह्यांचा चुरा. अखंड पोहे वाड्यातच राहत. चुऱ्यात मीठ, कांदा आणि थोडे जवसाचे तेल घालून आई आणि तिची भावंडे खात. आमच्या घरचे सौम्य पोहे ते हे. तेही वाड्यातलेच म्हणायचे, फक्त मागच्या दाराने आलेले.

पुढे गावात धानाची गिरणी आली. आजीचे खांदे सुटले आणि कणीही सुटली, असे आई सांगते. मी यंत्राच्या विरुद्ध नाही; आजीही नव्हती. तिला विचारले मात्र कोणी नाही.

शहरातल्या गिरणीचा इतिहास आपल्याला तारीखवार ठाऊक आहे. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. चात्या किती, भांडवल किती, कामगारांसाठी पेन्शन फंड कधी निघाला, सारे नोंदलेले आहे. पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यासाठी कोण किती वाजता उठले, ही नोंद कोणत्या वहीत सापडणार?

आणि हा दोष एकट्या मालकांच्या वह्यांचा नाही. १९९० नंतर मी युनियनच्या कामाला लागलो. मागण्यांची यादी आम्ही पुष्कळदा पोह्यांच्या गाडीपाशी उभ्या-उभ्याच करीत असू. तर्री शिजवायला त्या गाडीवाल्याची बायको रात्री दोनला उठते, हे मला ठाऊक होते. रोज तिच्या हातचे खात होतो. आमच्या यादीत ती कधी आली नाही. २००२ साली एम्प्रेस मिल बंद पडली, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघा साचेवाल्यांनी स्वतःच गाड्या लावल्या. दोनला उठण्याची पाळी आता त्यांच्या घरात आली, आणि ती त्यांनी धरली नाही, बायकांनीच धरली.

असो. आईच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. मुलगी म्हणाली, "कांडलं नाही आजी, गिरणीतून पीठ आणलं."

"मळलं तं तूनंच ना?" आई म्हणाली, आणि तिचा हात ओढून घेऊन मनगट दाबून पाहू लागली.